ज्येष्ठांची सवलत कुणाच्या खिशातून येते?

दर दोन-तीन महिन्यांनी तोच मेसेज फिरून येतो. 'आनंदाची बातमी! रेल्वेत ज्येष्ठ नागरिकांना पुन्हा ५० टक्के सवलत सुरू. सर्व ग्रुपवर पाठवा.' खाली गुलाबाची फुलं आणि जोडलेले हात. शिरूरला आमच्या गल्लीत राहणाऱ्या काकांनी त्यावर विश्वास ठेवला आणि एसटीने दौंड स्टेशन गाठलं. खिडकीवरच्या बाबूने पूर्ण भाडं सांगितलं, तेव्हा तिकीट न काढताच परत आले. संध्याकाळी कट्ट्यावर त्यांचा सवाल असा होता : "मी तोच, माझं आधार कार्ड तेच. एसटीत मी ७६ वर्षांचा, जाऊन-येऊन एक पैसा लागला नाही. रेल्वेत मात्र तिशीतल्या पोराएवढं भाडं. आणि माझा मुलगा म्हणतो विमानवाले साठीलाच म्हातारं धरतात. मी नक्की कितीचा?"

कट्ट्यावर सगळे हसले, पण उत्तर कुणाकडे नव्हतं. खरं तर उत्तर सोपं आहे. सवलत दिसते तिकिटावर, ठरते मात्र दुसरीकडेच. जे पैसे तुम्ही भरत नाही ते कुणीतरी भरतंच. तो कोण हे कळलं, की कुठे किती सवलत, कुणाला आणि ती कधी गायब होऊ शकते, याचा उलगडा होतो. आणि मग पैसे वाचवायची जागाही दिसते.

चहाचे पैसे कुणी दिले?

टपरीवर चहा प्यालात आणि पैसे न देता निघालात, असं समजा. हे तीन प्रकारे घडू शकतं.

एक, मित्राने तुमचे पैसे दिले. टपरीवाल्याचं काहीच गेलं नाही. दोन, टपरीवाल्यानेच सोडून दिले, आणि ती खोट तो बाकीच्यांच्या भज्यांतून भरून काढणार. तीन, रात्रीचे दहा वाजलेत, पातेल्यात तळाशी चहा उरलाय, ओतून द्यायचाच होता, तो तुम्हाला दिला.

एसटी हा पहिला प्रकार, रेल्वे दुसरा आणि विमान तिसरा.

एसटी : मित्र पैसे देतोय

२६ ऑगस्ट २०२२ पासून राज्यात 'अमृत ज्येष्ठ नागरिक योजना' सुरू झाली. ७५ वर्षांवरच्यांना एसटीत प्रवास मोफत. ६५ ते ७५ मधल्यांना अर्धं तिकीट. कंडक्टर काकांना मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट काढून देतो, तेव्हा त्या तिकिटाचे पैसे एसटीने सोडून दिलेले नसतात. ते राज्य सरकारच्या नावावर मांडले जातात आणि सरकार ते महामंडळाला देतं. याला सरकारी भाषेत 'प्रतिपूर्ती' म्हणतात. म्हणून शून्याचं तिकीटही घ्यायचंच. "फुकट आहे तर कागद कशाला" म्हणून ते नाकारणारे आजोबा मी पाहिलेत. कागद फाटला नाही, तर तो प्रवास हिशेबात धरला जात नाही आणि त्याचे पैसे एसटीला मिळत नाहीत.

मित्र पैसे देतोय म्हटल्यावर ही सवलत वाढत गेली, यात नवल नाही. १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच महिलांना, कुठल्याही वयाच्या, अर्धं तिकीट झालं. मित्र पैसे द्यायला उशीर करू लागला की काय होतं, तेही आपण पाहतो : प्रतिपूर्ती रखडते आणि एसटी कर्मचाऱ्यांचे पगार लांबल्याच्या बातम्या येतात.

आणखी एक. अर्धं तिकीट म्हणजे आजच्या भाड्याचं अर्धं. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, तेव्हा अर्ध्या तिकिटवाल्यांचंही तेवढ्याच प्रमाणात वाढलं. वाढीची झळ लागली नाही ती फक्त शून्यवाल्यांना.

'पंचाहत्तरावं लागलं' चालत नाही

एसटीत सगळ्यात जास्त हुज्जत याच्यावरून होते. आपल्याकडे वय दोन तऱ्हांनी सांगतात. 'पंचाहत्तरावं लागलं' म्हणजे ७४ पूर्ण झाली. 'पंचाहत्तर पूर्ण' म्हणजे ७५वा वाढदिवस होऊन गेला. घरात कुणी पंचाहत्तरी थाटात केली, ती बरेचदा लागल्यावर केलेली असते. कंडक्टरला त्याच्याशी देणंघेणं नाही. तो ओळखपत्रावरची तारीख पाहणार, आणि त्या तारखेने ७५ पूर्ण झालेली हवीत. तोवर अर्धं तिकीट. ६५ चंही तसंच.

आता त्या तारखेची गंमत. आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जूनला असतो. जन्म शेतात किंवा घरात झाला, नोंद झाली नाही, पुढे शाळेत नाव घालताना गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या बेताने १ जून लिहून टाकला. तीच तारीख दाखल्यावर, तीच नोकरीत, तीच आधारवर. खरं वय दोन वर्षांनी जास्त असलं तरी सवलत कागदावरच्या वयालाच. "आमच्या आईला मोठा पूर आठवतो, म्हणजे ती नक्की ७५ ची" हा पुरावा घरात चालतो, बसमध्ये नाही. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, तीही कागद असतील तर. म्हणून सवलतीच्या लोभाने ती बदलायला जाण्याआधी पेन्शन, बँक, पॅन या सगळीकडे कोणती तारीख आहे ते बघा. एका अर्ध्या तिकिटासाठी पेन्शनचा कागद अडकवून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

ओळखपत्र आधारच हवं असं नाही. पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट, काहीही चालतं, जन्मतारीख मात्र त्यावर हवी. मोबाइलमधलं डिजिलॉकर किंवा एम-आधारही चालतं. मात्र व्हॉट्सॲपवर नातवाने पाठवलेला आधारचा फोटो म्हणजे डिजिलॉकर नव्हे. ऐन बसमध्ये यावरून अडण्यापेक्षा खिशात मूळ कार्ड असलेलं बरं.

मग काकूंना पाव तिकीट का नाही?

काकू ७१ वर्षांच्या. ज्येष्ठ म्हणून अर्धं आणि महिला म्हणून अर्धं, म्हणजे अर्ध्याचं अर्धं होईल असा काकांचा हिशेब होता. तसं होत नाही. एका माणसाला एका वेळी एकच सवलत. फायदा खरा झाला तो साठ-बासष्टच्या बायकांचा. ज्येष्ठांच्या सवलतीसाठी ६५ पर्यंत थांबावं लागलं असतं, ते आता महिला म्हणून आजच मिळतं. पुरुषांना ६५ ची वाट पाहावी लागते. राज्याने २०१८ च्या ज्येष्ठ नागरिक धोरणात ज्येष्ठत्वाचं वय ६० धरलं, तरी एसटीची पायरी ६५ लाच आहे. धोरण आणि तिकीट यांची भेट झालेली नाही.

बांद्यापर्यंत शून्य, पुढे पूर्ण

पैसे महाराष्ट्र सरकार देतं, तर ते महाराष्ट्रापुरतंच देणार. म्हणून सावंतवाडीहून पणजीला जाणाऱ्या एसटीत काकांचं तिकीट बांद्यापर्यंत शून्य, आणि पात्रादेवीचा नाका ओलांडल्यावर गोव्यातल्या अंतराचं पूर्ण भाडं. कोल्हापूरहून बेळगावला जाताना कागलच्या पुढे कोगनोळीला हेच. त्याच रस्त्यावर कर्नाटकची बस आधी आली म्हणून तुम्ही तिच्यात चढलात, तर महाराष्ट्राच्या हद्दीतसुद्धा आपली सवलत लागू नाही, कारण आपला मित्र त्या टपरीवाल्याला पैसे देत नाही. पुण्या-मुंबईच्या शहर बसनाही ही योजना लागू नाही. त्या वेगळ्या संस्था आहेत, त्यांचे ज्येष्ठांचे पास वेगळे आणि ते त्यांच्याच पास केंद्रावर मिळतात.

आणखी एक बारीक खर्च : आधी आरक्षण केलंत तर आरक्षणाचं शुल्क शून्यवाल्यांनाही भरावं लागतं. मी तरी ते भरून जागा धरा असंच सांगेन. लांबच्या गाडीत गुडघे धरून उभं राहण्यापेक्षा ते थोडे पैसे स्वस्त.

रेल्वे : टपरीवाल्याने हात आखडता घेतला

२० मार्च २०२० पर्यंत रेल्वेत ६० वर्षांवरच्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांवरच्या महिलांना ५० टक्के सवलत होती, अगदी राजधानी-शताब्दीतसुद्धा. करोना आला, लोकांनी विनाकारण फिरू नये म्हणून ती थांबवली गेली. करोना गेला, गाड्या पूर्ववत झाल्या, सवलत परत आली नाही. त्यामुळे ती सुरू झाल्याचे जे मेसेज अधूनमधून फिरतात, त्यांना भुलू नका.

का परत आली नाही? इथे तिसरा कुणी पैसे देणारा नव्हता. सोडलेलं भाडं रेल्वेच्या स्वतःच्या उत्पन्नातून जायचं. रेल्वे मुळात कोळसा, सिमेंट, धान्य यांच्या मालवाहतुकीत कमावते आणि प्रवासी गाड्यांतला तोटा त्यातून भरते. भज्यांतून चहाची खोट भरण्याच्या या पद्धतीला क्रॉस सबसिडी म्हणतात. रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी संसदेत वेळोवेळी दिलेलं उत्तर असं आहे की १०० रुपये खर्च येणाऱ्या प्रवासासाठी रेल्वे सरासरी ५४ रुपयेच घेते, म्हणजे प्रत्येक प्रवाशाला आधीच ४६ टक्के सवलत आहे, आणि त्याचा वर्षाचा बोजा सुमारे ५७ हजार कोटी रुपयांचा आहे.

हे उत्तर हिशेबाला धरून आहे, पण काकांच्या प्रश्नाला नाही. ४६ टक्के सगळ्यांनाच मिळतात, वीस वर्षांच्या पोरालाही. काका विचारतायत ते जास्तीचं. माहिती अधिकारातून बाहेर आलेला आकडा सांगतो की मार्च २०२० ते फेब्रुवारी २०२५ या पाच वर्षांत सवलत बंद असल्याने रेल्वेला सुमारे ८,९०० कोटी रुपये जादा मिळाले. वर्षाला साधारण १,८०० कोटी. ५७ हजार कोटींपुढे ही रक्कम लहान वाटेल, पण तोट्यात चालणाऱ्या घरात आपोआप सुरू झालेली आवक कुणी स्वतःहून सोडत नाही. संसदेच्या रेल्वेविषयक स्थायी समितीने निदान स्लीपर आणि थ्री एसीत तरी सवलत परत देण्याचा विचार करा, असं सुचवलं होतं. मला तो मधला मार्ग पटतो.

'पण पैसेवाल्या म्हाताऱ्यांना सवलत कशाला?'

हा आक्षेप रास्त आहे. फर्स्ट एसीने जाणाऱ्या निवृत्त साहेबाचं अर्धं भाडं इतरांनी का भरावं? रेल्वेने यावर एक उपाय करूनही पाहिला होता : तिकीट काढताना सवलत पूर्ण किंवा अर्धी सोडण्याचा पर्याय. सोडणं मात्र ज्याच्या-त्याच्या मर्जीवर होतं.

दुसरा उपाय म्हणजे उत्पन्न बघून देणं. राज्याची २०२४ ची 'मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना' अशी आहे. ६० वर्षांवरचे, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत, त्यांना ठरलेल्या तीर्थांपैकी एकाची यात्रा आयुष्यात एकदा, माणशी ३० हजार रुपयांच्या मर्यादेत. पैसा योग्य माणसाकडे जातो हे खरं. पण त्यासाठी दाखले, अर्ज, निवड आणि मग वाट पाहणं. एसटीत फक्त कार्ड दाखवायचं असतं. सगळ्यांना देणारी योजना महाग पण सोपी, निवडून देणारी स्वस्त पण खेपा घालायला लावणारी. तहसील कचेरीच्या पायऱ्या ज्यांनी या वयात चढल्यात त्यांना हे वेगळं सांगायला नको.

टक्के कशाचे?

सवलतीची जाहिरात वाचताना पहिला प्रश्न हाच विचारायचा. तिकीट हे एका रकमेचं दिसतं, असतं मात्र थाळीसारखं : भात, आमटी, भाजी, पापड यांचे वेगवेगळे पैसे. सवलत फक्त भातावर. या भाताला 'मूळ भाडं' म्हणतात.

जुन्या सवलतीचंच उदाहरण घेऊ. थ्री एसीचं मूळ भाडं १,००० रुपये धरा. त्यावर आरक्षण शुल्क ४०, सुपरफास्ट अधिभार ४५, आणि सगळ्यावर ५ टक्के जीएसटी. एकूण सुमारे १,१३९. आता मूळ भाड्यावर ४० टक्के सूट : ६०० अधिक ८५, अधिक जीएसटी, सुमारे ७१९. वाचले ४२०, म्हणजे ४० नव्हे, ३७ टक्के. फरक फार नाही, कारण रेल्वेच्या थाळीत भातच जास्त. विमानाच्या थाळीत मात्र पापड-लोणच्याचेच पैसे चिक्कार.

विमान : पातेल्याच्या तळाचा चहा

विमान सुटलं की रिकामी सीट शिळ्या भाजीएवढ्याही किमतीची राहत नाही. म्हणून जो माणूस पूर्ण भाड्याला आलाच नसता, त्याला कमी भावात बसवणं कंपनीच्या फायद्याचं. पेन्शनरांकडे पैसे मोजके पण वेळ भरपूर, मंगळवारी दुपारी बोलावलं तरी ते येतात. हे धर्मादाय नाही, चोख धंदा आहे, आणि धंद्याचं गणित बदललं की सूटही बदलते. एअर इंडिया एकेकाळी ६० वर्षांवरच्यांना इकॉनॉमीत मूळ भाड्यावर ५० टक्के सूट देत असे. टाटांकडे गेल्यावर सप्टेंबर २०२२ च्या अखेरीस ती २५ टक्क्यांवर आली. इतर कंपन्यांचे आकडे आणखी लहान आणि वरचेवर बदलणारे.

समजा मूळ भाडं ४,००० आणि विमानतळाची शुल्कं, सुरक्षा शुल्क, कर वगैरे मिळून १,५००. एकूण ५,५००. २५ टक्के सूट लागली की मूळ भाड्यातले १,००० गेले, त्यावरचा थोडा कर गेला, तिकीट सुमारे ४,४५० ला पडलं. म्हणजे खरी सूट १९ टक्के. आता खरी मेख. त्याच विमानात त्याच दिवशी कुणालाही मिळणारं साधं स्वस्त तिकीट ४,३०० ला असू शकतं. 'सीनियर सिटिझन'चा चौकोन टिचकवला की ते यादीतून गायब होऊन तुम्हाला महागड्या गटातल्या भाड्यावरची सूट दिसते. म्हणून दोनदा शोधायचं : एकदा चौकोनासह, एकदा त्याच्याविना. मग ज्येष्ठांच्या तिकिटात बॅग जास्त नेता येते का, तारीख बदलायला पैसे लागतात का, हे तोलायचं. लग्नाच्या तारखा पुढे-मागे होतात, तब्येतीही. अशा वेळी तारीख फुकट बदलून देणारं महागडं तिकीट शेवटी स्वस्त पडू शकतं. वयाचा पुरावा विमानतळावर मागतात. नसला तर फरक वसूल करतात किंवा बसू देत नाहीत.

मग रेल्वेत काहीच उरलं नाही?

पैशाची सवलत गेली, जागेची राहिली, आणि माझ्या मते म्हातारपणी तीच जास्त मोलाची. ६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या महिला (हो, ४५) यांच्यासाठी प्रत्येक डब्यात काही खालचे बर्थ राखून ठेवलेले असतात : स्लीपरमध्ये सहा-सात, थ्री एसीत चार-पाच, टू एसीत तीन-चार. भाडं नेहमीचंच.

हा कोटा लागतो कसा, हे मात्र कित्येकांना ठाऊक नसतं. तो एकट्या ज्येष्ठाला किंवा एका तिकिटावरच्या दोन ज्येष्ठांना लागतो. तिकिटावर तिसरा माणूस आला, किंवा दोघांतला एक या वयात बसत नसला, की तिकीट कोट्याबाहेर. काकांच्या मुलाने, वय ४४, मागच्या दिवाळीत प्रेमाने आई-वडील आणि स्वतः असं एकाच तिकिटावर बुकिंग केलं. काकांना मधला, काकूंना वरचा बर्थ आला. चूक प्रेमातून झाली, पण चूकच. दोघांचं तिकीट वेगळं, लोअर बर्थ कोट्यातून, आणि मुलाचं वेगळं काढायला हवं होतं. कोटा संपला असेल तर बुकिंग करताना 'निदान एक खालचा बर्थ मिळाला तरच तिकीट काढा' असा पर्याय असतो, तो निवडावा. तेही हुकलं तर गाडीत टीसीला भेटा. खालचा बर्थ रिकामा राहिला असेल तर तो वरच्या-मधल्या बर्थवरच्या ज्येष्ठांना देता येतो.

रुग्णांची सवलत मात्र पैशाचीच आहे आणि ती बंद झालेली नाही. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीत मूळ भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट. हृदयशस्त्रक्रियेला किंवा डायलिसिसला जाणाऱ्यांना या वर्गांत ७५ टक्के. रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. परळला टाटा रुग्णालयात विदर्भ-मराठवाड्यातून वर्षानुवर्षं खेपा घालणाऱ्या कुटुंबांपैकी काहींना हे दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला, तेही शेजारच्या खाटेवरून कळतं. या लेखातली एकच गोष्ट कुणाला पुढे पाठवायची असेल तर ही पाठवा.

बाकी किरकोळ वाचवायच्या जागा : ऑनलाइन तिकिटावर आयआरसीटीसी सुविधा शुल्क घेते, यूपीआयने भरल्यास एसीला २० आणि बिगर-एसीला १० रुपये, इतर मार्गांनी ३० आणि १५, वर जीएसटी. खिडकीवर ते नाही. राजधानी, शताब्दी, दुरांतोत जागा भरत जातील तसं मूळ भाडं चढतं, जास्तीत जास्त १.४ पटीपर्यंत. पेन्शनरांना तारीख आधी ठरवता येत असेल तर ६० दिवस आधी, बुकिंग उघडल्याबरोबर तिकीट काढण्यात जो फायदा आहे तो कुठल्याही चौकोनात नाही.

मेट्रोचं काय?

मुंबईत मेट्रो २ए आणि ७ वर मे २०२३ पासून ६५ वर्षांवरच्यांना ४५ किंवा ६० फेऱ्यांच्या पासवर २५ टक्के सूट मिळू लागली. म्हणजे महिन्याला एवढ्या फेऱ्या करणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी. दवाखान्यात दोनदा जाणाऱ्याला तिचा उपयोग नाही. पुण्यात शनिवार-रविवारची ३० टक्के सूट सगळ्यांनाच आहे, तेव्हा तिथे बहिणीकडे जायचा दिवस निवडणं हीच सवलत.

मुलाकडे परदेशात गेल्यावर

सहा महिने लेकीकडे लंडनला गेलेल्या आई-वडिलांना तिथल्या ज्येष्ठांचा फुकट बसपास पाहून आशा वाटते. तो लंडनमध्ये राहणाऱ्यांसाठी आहे, कारण पैसे तिथले रहिवासी भरतात. मित्र फक्त आपल्या मित्रालाच चहा पाजतो. पण ब्रिटनच्या रेल्वेचं ज्येष्ठांचं रेलकार्ड हा उरलेल्या चहाचा प्रकार आहे : ६० पूर्ण असलेला कुणीही पासपोर्ट दाखवून घेऊ शकतो, वर्षाला ३५ पौंड, तिकिटावर एक तृतीयांश सूट, लंडनच्या आसपास सकाळच्या गर्दीची वेळ सोडून. दोन लांबच्या सहलींत कार्डाचे पैसे वसूल. अमेरिकेत ॲमट्रॅक या तिथल्या लांब पल्ल्याच्या रेल्वेत ६५ ला १० टक्के मिळतात, आणि तिथल्या केंद्र सरकारचं अनुदान घेणाऱ्या शहरी बस-रेल्वेला गर्दी नसलेल्या वेळी ६५ वरच्यांकडून अर्ध्याहून जास्त भाडं घेता येत नाही. तिथल्या राष्ट्रीय उद्यानांचा ज्येष्ठांचा पास मात्र नागरिक आणि कायम रहिवाशांनाच. खिडकीवर विचारायला संकोच करू नका, पासपोर्ट जवळ ठेवा.

काकांचा नागपूरचा बेत

भाचीच्या लग्नाला नागपूरला जायचं होतं. काका म्हणाले, एसटी फुकट आहे, एसटीनेच जाऊ. शिरूर ते नागपूर, गाड्या बदलत, ७६ व्या वर्षी. काकूंनी एकच प्रश्न विचारला, रात्री पाय कुठे पसरायचे? शेवटी ठरलं ते असं : शिरूर ते दौंड एसटी, काकांचं शून्य, काकूंचं अर्धं. दौंड ते नागपूर रेल्वे, स्लीपर, पूर्ण भाडं, पण दोघांचंच तिकीट आणि दोन्ही बर्थ खालचे. लग्न झाल्यावर नागपूरहून रामटेकला एसटी, पुन्हा शून्य आणि अर्धं. मुलगा म्हणाला मीही येतो तुमच्याच तिकिटावर. त्याला काकांनी दुसरं तिकीट काढायला लावलं.